गॅस टर्बाइनची देखभाल: मीटरचे तास आणि मशीनचं खरं वय

बडोद्याच्या उत्तरेला कोयली, रणोली, नंदेसरी हा सगळा पट्टा चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यांचा आहे. 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली आणि मागोमाग खतं, पेट्रोकेमिकल्स, रसायनं आली. अशा कारखान्यांना वीज लागते तशीच वाफही लागते आणि दोन्ही एकदम देण्यात गॅस टर्बाइनचा हात धरणारं यंत्र नाही. जनरेटर फिरवून झाल्यावरही त्याच्या एक्झॉस्टमध्ये साडेपाचशे अंशांच्या आसपास तापमान उरतं, त्यावर बॉयलर चालतो. रणोलीजवळ 1992 मध्ये सुरू झालेला गुजरात इंडस्ट्रीज पॉवर कंपनीचा 145 मेगावॉटचा प्रकल्प त्या वाफेवर पुढे स्टीम टर्बाइनही फिरवण्यासाठी बांधला होता. म्हणजे गॅस टर्बाइन बंद पडलं की वीज जाते, वाफ जाते आणि वाफेवर चालणारे प्लांट एकामागोमाग बसतात.

बडोद्यातल्या मराठी घरांतली बरीच मुलं या पट्ट्यात ऑपरेटर, फिटर, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून कामाला लागतात. ओव्हरहॉल (मशीन उघडून केलेली पूर्ण तपासणी-दुरुस्ती) हा शब्द त्यांच्या कानावर पहिल्या आठवड्यातच पडतो, पण मशीन केव्हा उघडायचं, का उघडायचं आणि उघडल्यावर नेमकं काय बघायचं, हे सलग कुणी सांगत नाही.

उदाहरणासाठी आपल्याकडच्या कारखान्यांत सर्रास दिसणारं ‘फ्रेम सिक्स’ वर्गाचं मशीन घेऊ. पुढे 17 टप्प्यांचा कॉम्प्रेसर, मधे गोलाकार मांडलेले 10 कम्बस्टर म्हणजे ज्वलनकक्ष, मागे 3 टप्प्यांचं टर्बाइन, आणि हे सगळं एकाच शाफ्टवर. शाफ्ट मिनिटाला पाच हजारांवर फेरे घेतो; गिअरबॉक्समधून जनरेटरला 3,000 मिळतात. कॉम्प्रेसर हवा साधारण बारा पट दाबतो, त्यात ती साडेतीनशे अंशांच्या आसपास तापते. कम्बस्टरमध्ये इंधन जळून अकराशे अंशांचा वायू तयार होतो आणि तो टर्बाइनच्या ब्लेड्सवर आदळतो. टर्बाइन जेवढी ताकद निर्माण करतं त्यातली निम्म्याहून जास्त कॉम्प्रेसर फिरवण्यातच जाते, उरलेली जनरेटरला मिळते. कॉम्प्रेसरमध्ये एक-दोन टक्के बिघाड झाला तरी मेगावॉट लगेच का उतरतात, ते यावरून कळेल.

हवा

देखभालीची सुरुवात स्पॅनरने नाही, फिल्टर हाउसपासून (आत जाणारी हवा गाळणाऱ्या खोलीपासून) होते. या मशीनमधून सेकंदाला सुमारे 140 किलो हवा जाते, म्हणजे दिवसाला बारा हजार टन. हवेत घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम धूळ धरली तर फिल्टरच्या तोंडाशी दिवसाला किलोभर धूळ येते, आणि मे महिन्यातल्या वावटळीच्या दिवशी याच्या कितीतरी पट. आपल्या पट्ट्यात नुसती माती नसते. शेजारच्या प्लांटांतून अमोनिया, क्लोरिन, आम्लांची वाफ आणि कूलिंग टॉवरचे तुषार येतात. कोरडी माती फिल्टर अडवतो, पण पावसाळ्यात क्षार ओले होऊन फिल्टरच्या कागदातून झिरपतात आणि पहिल्या काही टप्प्यांच्या ब्लेड्सवर चिकटतात. त्यात बेअरिंग सीलमधून आलेल्या तेलाचा ओलावा मिसळला की काळा, चिवट थर बसतो. म्हणून फिल्टरवरचा दाबफरक जूनमध्ये अचानक वाढला, तर नुसती धूळ झाडून भागणार नाही हे समजून घ्यावं.

नव्या फिल्टरवर दाबफरक पाण्याच्या स्तंभाच्या 50-60 मिलिमीटरांच्या आसपास असतो आणि 150 ला बहुतेक ठिकाणी अलार्म येतो. पण अलार्मची वाट बघणं तोट्याचं आहे. इनलेटला दाबफरक 100 मिलिमीटरने वाढला की दीड टक्क्याच्या आसपास उत्पादन कमी होतं. 40 मेगावॉटच्या मशीनवर हे 600 किलोवॉट झाले, तेही दिवसरात्र. फिल्टर कार्ट्रिजच्या एका संचाची किंमत या आकड्याशेजारी मांडली की फिल्टर कधी बदलायचा ते वेगळं सांगावं लागत नाही.

मेगावॉट उतरण्याचं खापर मात्र सरसकट फिल्टरवर फोडू नये. टर्बाइनची क्षमता 15 अंश तापमानाला मोजलेली असते, आणि बडोद्यात मे महिन्यात दुपारी पारा 42 च्या वर जातो. गरम हवा विरळ असते, त्यामुळे 40 मेगावॉटचं निरोगी मशीनही अशा दुपारी 33-34 वर येतं. इव्हॅपोरेटिव्ह कूलर असेल तर कोरड्या उन्हाळ्यात तो हवा 12 ते 15 अंश गार करतो, पण जुलैच्या दमट हवेत त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. शिवाय त्याचं पाणी जड असलं आणि ड्रिफ्ट एलिमिनेटर (पाण्याचे तुषार अडवणारे पडदे) फाटलेले असले, तर तेच क्षार थेट कॉम्प्रेसरमध्ये जातात. तुलना करायची ती नेहमी 15 अंशांवर दुरुस्त केलेल्या आकड्यांची, म्हणजे 15 अंशांना मेगावॉट किती आले असते त्यांची. जानेवारीच्या सकाळचे मेगावॉट मेच्या दुपारशी ताडून काढलेल्या निष्कर्षांवरून आजवर कितीतरी मशीनं विनाकारण उघडली गेली आहेत.

दुरुस्त केलेले आकडेही खाली आले आणि कॉम्प्रेसरचा डिस्चार्ज प्रेशर घसरला, तर कॉम्प्रेसर मळला आहे. उपाय वॉटर वॉश. चालत्या मशीनवरचा ऑनलाइन वॉश रोजच्या स्वच्छतेपुरता. खरी सफाई ऑफलाइन वॉशमध्ये होते. त्यासाठी आधी मशीन थंड करायचं. व्हीलस्पेसचं (टर्बाइनच्या चाकांलगतच्या पोकळीचं) तापमान आणि वॉशच्या पाण्याचं तापमान यांत 67 अंशांपेक्षा जास्त फरक असता कामा नये, नाहीतर थंड पाण्याच्या झटक्याने जाड डिस्कला तडे जातात. मग केसिंगचे आणि एक्झॉस्टचे ड्रेन उघडायचे, फ्लेम डिटेक्टर आणि हवेच्या सेन्सिंग लाइनी (दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या) बंद करायच्या, स्टार्टिंग मोटरवर शाफ्ट साधारण वीस टक्के वेगाने फिरवत डिटर्जंटचं द्रावण फवारायचं. नंतर थांबवून वीसेक मिनिटं भिजू द्यायचं आणि डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने धुवायचं.

किती वेळ धुवायचं याचा निर्णय घड्याळावर सोडू नये. ड्रेनचं पाणी काचेच्या बाटलीत घ्यायचं. सुरुवातीला ते काळं येतं, मग चहासारखं, मग फिकट. नितळ दिसल्यावरही कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते ते) मोजायची, कारण मीठ डोळ्यांना दिसत नाही. शेवटी ड्रेन निथळेपर्यंत कोरडं फिरवायचं आणि बंद केलेली प्रत्येक लाइन आठवणीने उघडायची. सेन्सिंग लाइनमध्ये पाणी राहिलं की पुढच्या स्टार्टला कंट्रोल सिस्टीमला खोटा दाब दिसतो आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

जुन्या काळी चालत्या कॉम्प्रेसरमध्ये अक्रोडाच्या टरफलांचा चुरा किंवा तांदूळ टाकून ब्लेड्स घासत. ती पद्धत सोडावी लागली. ब्लेडवरचं कोटिंग खरवडलं जाई आणि चुरा मागे जाऊन टर्बाइनची थंड हवेची बारीक भोकं बुजवी.

इंधन

नैसर्गिक वायू हे टर्बाइनला सगळ्यात मानवणारं इंधन, पण ते कोरडं हवं. वायूतले जड हायड्रोकार्बन थंडीत पाइपमध्ये द्रवरूप झाले आणि तो घोट एका कम्बस्टरमध्ये गेला, तर त्याच्या इंधन-नोझलची ज्योत क्षणात लांबते आणि लायनर (कम्बस्टरचं आतलं धातूचं अस्तर) भाजतो. म्हणून वायू त्याच्या दवबिंदूपेक्षा किमान 28 अंश गरम ठेवण्याचा दंडक आहे. नॉकआउट ड्रमचा (वायूतला द्रव वेगळा करणाऱ्या टाकीचा) ड्रेन दर शिफ्टला तपासायचा आणि निघालेल्या द्रवाचं प्रमाण वहीत लिहायचं. ‘काही नाही’ हीसुद्धा नोंद असते.

डिझेल आणि नाफ्था हे पर्यायी. नाफ्थामध्ये वंगणाचा गुण फार कमी, त्यामुळे पंप आणि फ्लो डिव्हायडर (इंधन सगळ्या नोझलना सारखं वाटणारं यंत्र) झिजतात. त्यात लुब्रिसिटी ॲडिटिव्ह घालावं लागतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड आणि चटकन पेट घेणारी, म्हणून स्टार्ट आणि स्टॉप नाफ्थावर करत नाहीत, वायूवर किंवा डिझेलवर करतात. कोणत्याही द्रव इंधनात सोडियम आणि पोटॅशियम मिळून 1 पीपीएमच्या (दहा लाखांत एक भागाच्या) खाली हवं आणि व्हॅनेडियम अर्ध्या पीपीएमच्या खाली. सोडियम गंधकाशी मिळून सोडियम सल्फेट होतं, ते ब्लेडवर वितळून बसतं आणि कोटिंगखालचा धातू पोखरतं. याला हॉट करोजन म्हणतात. हाच सोडियम हवेतूनही येतो, म्हणून फिल्टर आणि इंधन हे दोन वेगळे विषय समजू नयेत.

तासांचा हिशेब

पॅनेलवरचा मीटर 8,000 तास दाखवतो, पण पार्ट्स 8,000 तासांचे असतीलच असं नाही. निर्मात्यांचे हिशेब साधारण असे चालतात: वायूवरचा एक तास तो एकच धरायचा, डिझेलवरचा दीड. नेमून दिलेल्या तापमानापेक्षा पन्नास-पंचावन्न अंश वर, पीक लोडवर चालवलेला एक तास सहा तासांबरोबर. 6,000 तास वायूवर, 2,000 डिझेलवर आणि 100 पीकवर चाललेल्या मशीनचा मीटर 8,100 दाखवेल, पण कम्बस्टर आणि ब्लेड्सच्या लेखी ते 9,600 झालेले असतात.

स्टार्ट-स्टॉपचं गणित त्याहून कडक. पूर्ण लोडवरून झालेली एक ट्रिप (संरक्षण यंत्रणेने मशीन अचानक बंद करणं) आठ नेहमीच्या शटडाउनइतकी धरतात. ट्रिपला इंधन एका क्षणात तुटतं आणि अकराशे अंशांच्या वायूच्या जागी कॉम्प्रेसरची साडेतीनशे अंशांची हवा वाहू लागते. ब्लेडची पातळ मागची कड सेकंदांत गार होते, जाड अंग गरमच राहतं, आणि त्या ओढाताणीत कडेला बारीक तडा जातो. वर्षात सहा ट्रिप म्हणजे पार्ट्सच्या खात्यात 48 शटडाउन. म्हणूनच एखादा लेव्हल स्विच सैल वायरमुळे वारंवार ट्रिप देत असेल, तर तो दुरुस्त करणं हे किरकोळ काम नाही. काही निर्माते तास आणि स्टार्ट स्वतंत्र मोजतात, काही प्रत्येक स्टार्टचे तास करून बेरीज धरतात. आपल्या मशीनचं मॅन्युअल काय म्हणतं तेच खरं.

या हिशेबाने कम्बशन इन्स्पेक्शन (ज्वलनकक्षांची तपासणी) 8,000 ते 12,000 तासांना, हॉट गॅस पाथ (टर्बाइनपर्यंतच्या गरम भागांची) 24,000 ला आणि मेजर (कॉम्प्रेसरसकट सगळ्या मशीनची) 48,000 ला, असा ढोबळ क्रम बसतो.

एक्झॉस्टचं तापमान काय सांगतं

मशीन न उघडता आतलं कळण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे एक्झॉस्टमधल्या थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं) कडं. आकारानुसार डझन-दीड डझन किंवा जास्त थर्मोकपल गोलाकार बसवलेले असतात. सगळ्यात गरम आणि सगळ्यात गार वाचनातला फरक म्हणजे स्प्रेड. निरोगी मशीनवर पूर्ण लोडला तो साधारण 20 ते 30 अंश राहतो. तो आठवड्यागणिक सरकत वर जात असेल, तर अलार्म आला नसला तरी कुठला तरी कम्बस्टर तक्रार करतो आहे.

एकच थर्मोकपल खाली आणि त्याचे दोन्ही शेजारी जागच्या जागी, तर बहुधा तो थर्मोकपलच गेला. शेजारचे दोन-तीन मिळून खाली उतरले, तर दोष खरा आहे. मात्र थर्मोकपलच्या सरळ समोर दिसणारा कम्बस्टर उघडायला धावू नये. वायू टर्बाइनच्या टप्प्यांतून जाताना वळतो, त्यामुळे गार पट्टा मागे पोचेपर्यंत काही अंशांनी सरकलेला असतो आणि हे सरकणं लोडप्रमाणे बदलतं. त्यासाठी निर्मात्याचा स्वर्ल चार्ट असतो. तो न बघता केलेल्या कामात चांगला कम्बस्टर उघडला जातो आणि खराब तसाच राहतो.

पुढची खूण इंधन बदलल्यावर मिळते. गार पट्टा फक्त डिझेलवर दिसतो आणि वायूवर नाहीसा होतो, तर द्रव इंधनाचं नोझल, चेक व्हॉल्व्ह किंवा फ्लो डिव्हायडर बघा. वायूवर चालताना बंद डिझेल लाइनमध्ये उरलेलं इंधन उष्णतेने करपून कोळसा होतं आणि चेक व्हॉल्व्ह अडकवतं, हा नेहमीचा प्रकार. दोन्ही इंधनांवर पट्टा तसाच राहिला, तर लायनर, ट्रान्झिशन पीस (कम्बस्टरमधला वायू टर्बाइनकडे नेणारा भाग) किंवा कम्बस्टरना जोडणारी क्रॉसफायर ट्यूब संशयात येते.

उघडण्याआधी

शटडाउन झाल्यावर शाफ्ट एकदम स्थिर ठेवायचा नसतो. गरम हवा वर चढते, केसिंगचा वरचा भाग गरम राहतो, खालचा गार होतो, आणि थांबलेला शाफ्ट धनुष्यासारखा वाकतो. म्हणून रॅचेट किंवा टर्निंग गिअर (शाफ्ट हळूहळू फिरवत ठेवणारी यंत्रणा) किमान चोवीस तास चालू हवा. फ्रेम मशीनचा रॅचेट दर काही मिनिटांनी शाफ्ट थोडा थोडा पुढे सरकवतो. वीज गेली तरी डीसी लुब ऑइल पंप चालला पाहिजे, म्हणजे बॅटरी खरोखर भरलेली पाहिजे. पंपाची चाचणी हिरवा दिवा बघून होत नाही, हेडरचा (तेलाच्या मुख्य पाइपचा) दाब बघून होते.

आत माणूस जाण्याआधी दोन गोष्टींवर तडजोड नाही. एक, इंधनाच्या लाइनला नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, ब्लाइंड (लाइन पूर्ण अडवणारी धातूची चकती) घालायची. दोन, कार्बन डायऑक्साइडची अग्निशमन यंत्रणा लॉक करून परमिटवर तशी नोंद करायची. बंद कंपार्टमेंटमध्ये तो वायू सुटला तर आतल्या माणसाला बाहेर येण्याइतकाही वेळ मिळत नाही.

आणखी एक धोका बऱ्याच जणांना माहीत नसतो. गरम केसिंगच्या बोल्टवर किंवा इन्सुलेशनच्या आतल्या बाजूला पिवळी भुकटी दिसली, तर ती हाताने किंवा वायर ब्रशने झाडू नका. मिश्रधातूतला क्रोमियम आणि इन्सुलेशन वा अँटीसीझ पेस्टमधला कॅल्शियम उष्णतेत एकत्र येऊन कॅल्शियम क्रोमेट बनतं. त्यातला क्रोमियम सहा संयुजेचा, म्हणजे कर्करोगकारक असतो. काम थांबवून सेफ्टीला कळवावं. योग्य मास्क, हातमोजे आणि ओल्या पद्धतीनेच ती भुकटी काढावी, कोरडी उडू देऊ नये.

उघडल्यावर

कम्बशन इन्स्पेक्शनमध्ये लायनर, ट्रान्झिशन पीस, क्रॉसफायर ट्यूब आणि नोझल बाहेर येतात. लायनरवर थंड हवेच्या भोकांपासून सुरू होणारे तडे आणि पांढऱ्या सिरॅमिक कोटिंगचे निघालेले पोपडे बघायचे. ट्रान्झिशन पीसची मागची चौकट आणि ब्रॅकेट थरथरीने झिजतात. तिथे सील सैल झाला की कॉम्प्रेसरची हवा ज्वलनाला वळसा घालून निसटते. नोझल बसवण्याआधी फ्लो बेंचवर तपासायची. एका संचातली नोझल एकमेकांपासून दोनेक टक्क्यांपेक्षा जास्त वेगळी निघाली, तर वर सांगितलेला स्प्रेड आपण स्वतःच मशीनमध्ये बसवतो.

हॉट गॅस पाथमध्ये टर्बाइनचं वरचं केसिंग उचलतात. अर्धं केसिंग निघालं की खालच्या अर्ध्याचा ताठपणा जातो आणि ते स्वतःच्या वजनाने लवतं. म्हणून उचलण्यापूर्वी खालून ठरलेल्या जागी जॅक लावून डायल गेज शून्यावर ठेवायचे. हे विसरलं तर नंतर घेतलेली सगळी क्लिअरन्स (फिरत्या आणि स्थिर भागांमधल्या फटींची मापं) खोटी ठरतात. उघडतानाची मापं आणि बंद करतानाची मापं, दोन्ही हवीत. फक्त दुसरी असतील तर मशीन चालताना काय झिजलं ते कधीच कळणार नाही.

टर्बाइनच्या पहिल्या टप्प्याची स्थिर नोझल (वायूला दिशा देणारी पाती, इंधनाची नोझल नव्हेत) कोबाल्टच्या मिश्रधातूची असतात, त्यांवर वेल्डिंग बऱ्यापैकी करता येतं. फिरणाऱ्या ब्लेड्स निकेलच्या सुपरअलॉयच्या. त्यांच्या टोकाला वेल्डिंग चालतं, मुळाशी आणि जास्त ताणाच्या भागात नाही. हे काम खास कार्यशाळेत होतं: जुनं कोटिंग रसायनाने काढणं, फ्लुरोसंट पेनिट्रंटने तडे शोधणं, वेल्डिंग, व्हॅक्यूम भट्टीत हीट ट्रीटमेंट, नवं कोटिंग, शेवटी थंड हवेच्या भोकांतून प्रवाह मोजणं. परत आलेल्या प्रत्येक ब्लेडचा मोमेंट वेट (शाफ्टच्या मध्यापासूनच्या अंतरासकट धरलेलं वजन) मोजतात आणि चाकावर त्या हिशेबाने समोरासमोर मांडतात. क्रमांकांचा तो तक्ता हरवला की बॅलन्सिंग पुन्हा करावं लागतं.

मेजरमध्ये कॉम्प्रेसरही उघडतो आणि रोटर बाहेर येतो. त्यात इनलेट गाइड व्हेनचं (कॉम्प्रेसरच्या तोंडाशी कोन बदलून हवा कमी-जास्त करणाऱ्या पात्यांचं) एक काम घाईत सुटतं. स्क्रीनवर दिसणारा कोन हा सेन्सरचा आकडा असतो. प्रत्यक्ष व्हेनला कोनमापक लावून तो पडताळायचा, निदान चार-सहा व्हेनवर. गिअरमध्ये झीज असेल तर दोन्ही आकडे जुळत नाहीत आणि स्टार्ट किंवा स्टॉपच्या वेळी कॉम्प्रेसर सर्ज होण्याची (त्यातली हवा उलटी फिरण्याची) भीती राहते. ब्लीड व्हॉल्व्ह (कॉम्प्रेसरमधली जादा हवा बाहेर सोडणारे) हाताने उघडमिट करून बघणंही याच वेळी उरकावं.

बंद करण्याआधी हत्यारांची मोजदाद. आत नेलेली प्रत्येक वस्तू वहीत, बाहेर आलेली प्रत्येक वस्तू वहीत, आणि दोन्ही जुळल्याशिवाय केसिंग बसत नाही. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या शाफ्टमध्ये राहिलेला एक नट कॉम्प्रेसरचे सगळे टप्पे घेऊन जातो.

पहिला स्टार्ट

आधी नुसतं क्रँक करून (इंधन न पेटवता शाफ्ट फिरवून) कान लावायचा: कुठे घासण्याचा आवाज, कुठे तेलाची गळती. मग फायरिंग, आणि पूर्ण वेगावर बिनलोड थोडा वेळ. बेअरिंगच्या कंपनाला सेकंदाला 12.7 मिलिमीटरला अलार्म आणि 25.4 ला ट्रिप ही फ्रेम मशीनची रूढ मर्यादा, पण नुकत्याच ओव्हरहॉल झालेल्या मशीनवर याच्या निम्म्यालाही कारण शोधावं. ओव्हरस्पीडची चाचणी 110 टक्क्यांना, निर्मात्याच्या पद्धतीने.

लोड स्थिर झाल्यावर त्या दिवसाचे आकडे एका कागदावर घ्या: हवेचं तापमान, मेगावॉट, कॉम्प्रेसरचा डिस्चार्ज प्रेशर, प्रत्येक थर्मोकपलचं वाचन, प्रत्येक बेअरिंगचं कंपन आणि तेलाचं तापमान, फिल्टरचा दाबफरक. पहिल्या शटडाउनला इंधन तुटल्यापासून शाफ्ट थांबेपर्यंतची मिनिटंही मोजा. पुढे कधी ती कमी भरली, तर आत काहीतरी घासतं आहे. हा कागद लॅमिनेट करून कंट्रोल रूममध्ये लावा, पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत प्रत्येक शिफ्टला तुलनेला तो लागतो.